सीपीयू ३० टक्के, लोड ४०, आणि सर्व्हर रडतोय: शेड्युलर नेमकं करतो काय?

विचारलेलं थोडक्यात असं: ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात राउंड रॉबिन (प्रत्येकाला थोडा-थोडा वेळ) आणि एसजेएफची (सगळ्यात छोटं काम आधी) गणितं सोडवली, गुणही मिळाले. आता नोकरीत आठ कोअरचा एक लिनक्स सर्व्हर गळ्यात पडलाय. त्यावर डेटाबेस आहे आणि कंटेनरमध्ये, म्हणजे मर्यादा घालून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, एक जावा सर्व्हिस आहे. रात्री बॅकअप सुरू झाला की सीपीयू जेमतेम ३० टक्के दिसतो, लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि ताटकळलेल्या कामांची सरासरी संख्या) ४० वर जातो आणि अ‍ॅप रांगायला लागतं. बॅकअपला नाइस १९ दिलं, म्हणजे सीपीयूसाठी सगळ्यात खालचा क्रम, काडीचा फरक पडला नाही. मग मल्टिप्रोग्रॅमिंग, टाइम शेअरिंग, मल्टिटास्किंग हे सगळं एकच की वेगवेगळं, आणि शिकलेल्यापैकी लिनक्सचा शेड्युलर, म्हणजे सीपीयू कधी कोणाला द्यायचा हे ठरवणारा भाग, खरोखर वापरतो तरी काय?

आधी एक सवय बदला. टॉप (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड) उघडलं की नजर पहिल्यांदा जाते ती सीपीयू कोण खातंय यावर. तक्रार संथपणाची असेल तेव्हा खाणाऱ्यांपेक्षा ताटकळलेले बघायचे. प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, बहुतेक आयुष्य कशाची ना कशाची वाट बघण्यात जातं: डिस्कची, नेटवर्कची, दुसऱ्या थ्रेडने (प्रोसेसमधल्या दुसऱ्या धाग्याने) धरून ठेवलेल्या लॉकची, मेमरीच्या पानाची (ठरावीक आकाराच्या तुकड्याची), आणि हे सगळं मिळालं की शेवटी सीपीयूची. पुस्तकातली गँट चार्टची गणितं फक्त त्या शेवटच्या रांगेची आहेत. तुमची माणसं दुसऱ्याच खिडकीसमोर उभी आहेत, असं मला आत्ताच वाटतंय. पण क्रमाने जाऊ.

मल्टिप्रोग्रॅमिंगचा जन्मच या वाट बघण्यातून झाला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस यंत्र प्रचंड महाग होतं आणि टेपवरून किंवा कार्डांवरून माहिती येईपर्यंत ते नुसतं बसून राहायचं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्या काळातला शिरस्ता सगळीकडे हाच: पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकाल यायची वाट बघायची. मग विचार पुढे आला की एक काम टेपसाठी थांबलं तर तेवढ्या वेळात दुसरं चालवू. त्यासाठी दोन्ही कामं एकाच वेळी मेमरीत हवीत. आयबीएमच्या ओएस/३६० मधले एमएफटी आणि एमव्हीटी हे प्रकार म्हणजे मेमरीची हीच वाटणी, एकात ठरलेल्या आकाराची, दुसऱ्यात गरजेप्रमाणे.

यातला फायदा किती, याचं एक ढोबळ गणित आहे आणि मला ते अजून उपयोगी पडतं. समजा प्रत्येक काम आपला ८० टक्के वेळ आयओची, म्हणजे डिस्क-टेपवरून माहिती येण्या-जाण्याची, वाट बघण्यात घालवतं. एकच काम असेल तर सीपीयू २० टक्के कामात. दोन असतील तर दोघंही एकाच वेळी थांबलेले असण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. सीपीयू कामात ३६ टक्के. तीनला ४९, चारला ५९, दहा कामांना ८९ टक्के. दुसऱ्या कामाने १६ टक्क्यांची भर घातली, दहाव्याने घातली अवघ्या अडीच-पावणेतीनची. सर्व्हरवर वर्कर वाढवत सुटणाऱ्यांनी हा उतार एकदा कागदावर काढून बघावा.

यात घड्याळ कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. मल्टिप्रोग्रॅमिंगमध्ये काम आपणहून थांबलं तरच दुसऱ्याला संधी. एखादं काम आयओ न मागता तासभर आकडेमोड करत बसलं तर बाकीचे तासभर उभे. घड्याळाने दर थोड्या वेळाने सीपीयू हिसकावून घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा, ही टाइम शेअरिंगची कल्पना. एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही अशी प्रणाली चालवून दाखवलं, तेव्हा टर्मिनलसमोर माणसं बसली होती. मल्टिप्रोग्रॅमिंगला काळजी यंत्र रिकामं बसण्याची, टाइम शेअरिंगला माणूस ताटकळण्याची. दोन्हींसाठी यंत्रणा जवळपास तीच लागते, म्हणून पुस्तकं त्यांना एका धड्यात कोंबतात आणि विद्यार्थी गोंधळतात. मल्टिटास्किंग हा शब्द रूढ झाला तो डेस्कटॉपमुळे. विंडोज ३.१ ज्यांनी वापरलं त्यांना आठवेल, एक प्रोग्रॅम अडला की वाळूचं घड्याळ घेऊन सगळं मशीन अडायचं. ते सहकारी तत्त्वावर चालायचं, आणि सहकार कसा चालतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. विंडोज ९५ ने निदान ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांपुरतं हिसकावून घेणं सुरू केलं.

वरच्या ८९ टक्क्यांच्या गणितात एक लबाडी आहे: दहाही कामं मेमरीत आरामात मावतात असं आपण गृहीत धरलंय. मावली नाहीत तर एकाचं पान आणायला दुसऱ्याचं बाहेर टाकायचं, दुसरा उठला की त्याचं परत आणायचं, आणि सगळे मिळून डिस्कच्या रांगेत. सीपीयू रिकामा दिसतो. तो रिकामा बघून कोणी आणखी कामं आत सोडली की आगीत तेल. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या थ्रॅशिंगची नीट मांडणी केली. प्रत्येक प्रोसेसला त्या घडीला लागणारी पानं म्हणजे तिचा वर्किंग सेट, आणि सगळ्यांचे वर्किंग सेट मावतील एवढ्याच प्रोसेस आत घ्यायच्या. तुमच्या सर्व्हरवर हे घडतंय का ते व्हीएमस्टॅट या कमांडमधल्या एसआय आणि एसओ (डिस्कवरून आत आणलेली, बाहेर टाकलेली मेमरी) या दोन रकान्यांत दिसेल. तिथे सतत शून्य नसेल तर पुढचं सारं सोडा, आधी मेमरी बघा.

आता अल्गोरिदम. झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. पुढे एक पोरगा अख्खा प्रबंध घेऊन, वीस मिनिटांचं काम. मागे दोघं दोन-दोन मिनिटांचे आणि एक बाई आधार कार्डाची एकच प्रत काढायला, एक मिनिट. आल्या क्रमाने घेतलं तर थांबणं अनुक्रमे ०, २०, २२ आणि २४ मिनिटं, सरासरी साडेसोळा. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमची एकच ना? द्या इकडे," आणि छोट्यापासून सुरुवात केली, तर ०, १, ३ आणि ५, सरासरी सव्वादोन. हे तुमचं एसजेएफ. आल्या क्रमानेच, पण प्रत्येकाला चार-चार मिनिटं, असं राउंड रॉबिन केलं तर ५, ४, ६ आणि ८, सरासरी पावणेसहा. पेपरात इथे उत्तर संपतं. प्रत्यक्षात दुकानदाराला हातातल्या गठ्ठ्याची जाडी दिसते, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, दिसत नाही. प्रोसेस किती वेळ सीपीयू वापरणार हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. शिवाय एकेका प्रतीवाले येतच राहिले तर प्रबंधवाला संध्याकाळपर्यंत उभा, ती गोष्ट वेगळीच.

म्हणून खरे शेड्युलर भविष्य विचारत बसत नाहीत, मागचा हिशेब ठेवतात. लिनक्सचा हिशेब समजायला आपली पंगत पुरे. चांगला वाढपी घड्याळ लावून वाढत नाही. तो ताटांकडे बघतो आणि ज्याच्या पानात सगळ्यात कमी पडलंय त्याच्याकडे आधी वळतो. लिनक्समध्ये २००७ साली, २.६.२३ या आवृत्तीत, इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर आला, तो हेच करायचा. प्रत्येक प्रोसेसने आतापर्यंत किती सीपीयू घेतला याचा आकडा, त्याला व्हीरनटाइम म्हणतात. सगळ्या तयार प्रोसेस या आकड्याप्रमाणे एका रेड-ब्लॅक ट्रीमध्ये (लहान आकडा डावीकडे ठेवणाऱ्या झाडासारख्या रचनेत) लावायच्या आणि डावीकडची, म्हणजे सगळ्यात कमी जेवलेली, उचलायची. वर्गात राउंड रॉबिनची जी गोल फिरणारी रांग काढतात, ती लिनक्सच्या नेहमीच्या प्रोसेससाठी नाहीच. ती फक्त एससीएचईडी आरआर नावाच्या रिअल-टाइम वर्गात शिल्लक आहे.

या कल्पनेमागे कॉन कोलिवास यांचाही हात आहे. ते ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. दिवसा माणसांना झोपवायचं आणि फावल्या वेळात डेस्कटॉप जागता ठेवायचा. न्याय्य वाटपाने डेस्कटॉप सुरळीत चालतो हे त्यांच्या शेड्युलरने आधी दाखवून दिलं होतं. त्यापूर्वीचा ओ-वन शेड्युलर कोणती प्रोसेस माणसाशी बोलतेय याचे अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला की गाणं अडखळायचं. पंगतीच्या हिशेबाला अंदाज लागतच नाही. टेक्स्ट एडिटर बहुतेक वेळ झोपलेला, म्हणजे त्याच्या पानात कमी पडलेलं. तुम्ही कळ दाबली की तो उठतो आणि नंबर त्याचाच लागतो. तासभर झोपून आलेल्याला तासाभराची सगळी जिलबी मात्र मिळत नाही. उठताना त्याचा आकडा बाकीच्यांच्या जवळपास आणून ठेवतात, नाहीतर तो उठल्यावर इतरांना उपाशी मारील.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ६.६ या आवृत्तीपासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली. पीटर झिल्स्ट्रा यांनी ती कर्नलमध्ये आणली, मूळ मांडणी १९९५ ची. हिशेब तसाच, फक्त दोन प्रश्न विचारले जातात: हक्कापेक्षा जास्त तर खाल्लं नाहीस ना, आणि नसेल तर तुझी मुदत कधीची? वाट्याच्या आत असलेल्यांपैकी ज्याची मुदत लवकरची, तो पुढे. छोटा घास मागणाऱ्याची मुदत आपोआप लवकरची येते. एकूण वाटा तेवढाच ठेवून "मला थोडं द्या पण चटकन द्या" असं सांगण्याची सोय सीएफएसमध्ये नीट नव्हती, ती इथे झाली.

नाइस म्हणजे या हिशेबातलं वजन. शून्य नाइसचं वजन १०२४, पाचचं ३३५, दहाचं ११०, एकोणीसचं १५. एका पायरीला साधारण सव्वापटीचा फरक. एकाच कोअरवर शून्य आणि पाच भिडले तर वाटणी १०२४ भागिले १३५९, म्हणजे ७५ टक्के आणि २५ टक्के. हे करून बघा: टास्कसेट कमांडने दोन 'यस' (अखंड अक्षरं छापत राहणारे प्रोग्रॅम) एकाच कोअरला बांधा, आउटपुट डेव्ह-नल या कचरापेटीत ओता, एकाला नाइस पाच द्या आणि टॉप उघडा. आकडे ७५ आणि २५ च्या आसपास डोलताना दिसतील. आता पहिला 'यस' मारा. नाइस पाचवाला एकटाच उरला, की तो १०० टक्के घेईल. नाइसने कोणाला लगाम बसत नाही, भांडण झालं तरच वाटणी ठरते. आणि भांडण सीपीयूवरून हवं.

हाच प्रयोग दोन वेगळ्या टर्मिनलांतून केलात तर बहुतेक डेस्कटॉपवर पन्नास-पन्नास दिसेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. ते ऑटोग्रुपमुळे. २.६.३८ पासून प्रत्येक सेशनचा एक गट होतो, वाटणी आधी गटांत होते आणि नाइस फक्त गटाच्या आत चालतं. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

तुमच्या बॅकअपवर नाइस का चाललं नाही ते यातून कळलं असेल. सीपीयू ७० टक्के मोकळा, भांडण नाहीच. बॅकअप डिस्क खातोय, आणि त्या खिडकीवर वेगळा माणूस बसलाय. त्याच्यासाठी आयओनाइस (डिस्कसाठीचं नाइस) आहे, पण डिस्कचा शेड्युलर बीएफक्यू नावाचा असेल तर त्याचं तो नीट ऐकतो. एनव्हीएमई या वेगवान डिस्कवर बऱ्याचदा 'नन' लावलेला असतो, तिथे आयओनाइस म्हणजे भिंतीशी बोलणं. मग बॅकअपच्या टूलमध्येच वेगमर्यादा असेल ती वापरा, किंवा सीग्रुपच्या (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) आयओ मॅक्सने त्याला बांधा.

लोड ४० कुठून येतो, हे आता आकड्यांनीच बघू. इतर बऱ्याच युनिक्समध्ये लोड म्हणजे सीपीयूवर असलेले अधिक सीपीयूच्या रांगेतले. लिनक्स त्यात 'डी' स्थितीतल्या, म्हणजे न उठवता येण्याजोग्या झोपेतल्या प्रोसेसही धरतो, आणि त्या बहुधा डिस्कपाशी अडकलेल्या असतात. आठ कोअरचे ३० टक्के म्हणजे सरासरी २.४ कोअर कामात. सगळे एकाच क्षणी उठून एकदम झोपत नसतील, तर सीपीयूच्या बाजूने लोडमध्ये अडीच-तीनचीच भर. उरलेले सदतीस कोण? पीएस या कमांडमध्ये स्थितीचा रकाना घेऊन 'डी' शोधा, नावं समोर येतील. डेटाबेसचीच असतील, असा माझा कयास.

हा धडा मी रात्री दोनला शिकलो. फोन आला, लोड ऐंशी, सर्व्हर गेला. बघतो तर सीपीयू जवळजवळ पूर्ण रिकामा. दूरच्या एका मशीनवरचं एनएफएस शेअर (नेटवर्कवरून जोडलेलं फोल्डर) गायब झालेलं, आणि दर मिनिटाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) उठणारी एक स्क्रिप्ट त्या फोल्डरमध्ये डोकावून तिथेच गोठत होती. मिनिटाला एक, असे ऐंशी जण. अ‍ॅपला याचा काडीइतका त्रास नव्हता. तरी तोवर कोणीतरी घाबरून अ‍ॅप दोनदा रिस्टार्ट केलं होतं, ग्राहकांना जो काही त्रास झाला तो त्यामुळे. तेव्हापासून मी लोड हा आकडा चौकशी सुरू करायलाच वापरतो. ४.२० पासून कर्नलमध्ये पीएसआय हे अडून राहण्याचं मोजमाप आहे, ते त्याहून प्रामाणिक: प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइली, आणि प्रत्येकीत गेल्या दहा, साठ आणि तीनशे सेकंदांपैकी किती टक्के वेळ कोणीतरी त्या गोष्टीवाचून अडून होतं, याचा थेट आकडा.

आता तुमची कंटेनरमधली जावा सर्व्हिस. तिच्याबद्दल मला वेगळी शंका आहे, कारण हा सापळा मी एका कंपनीत आठवडाभर न दिसता भोगलाय. तिथे कंटेनरला दोन सीपीयूची मर्यादा होती आणि मशीन सोळा कोअरचं. आलेख म्हणायचा, वापर मर्यादेच्या निम्मासुद्धा नाही. तरी काही विनंत्यांना अकारण शंभर-शंभर मिलिसेकंद जास्त लागायचे.

मर्यादा अशी राबवली जाते: दर १०० मिलिसेकंदांना एक नवं खातं उघडतं आणि दोन सीपीयू म्हणजे त्यात २०० मिलिसेकंद जमा. हे खातं सगळ्या थ्रेडांचं मिळून. गार्बेज कलेक्शन (जावाची मेमरी साफ करणं) सुरू झालं आणि समजा सोळा थ्रेड सोळा कोअरवर एकदम धावले, तर २०० भागिले १६, म्हणजे साडेबारा मिलिसेकंदांत खातं रिकामं. पुढचे साडेसत्याऐंशी मिलिसेकंद अख्खा कंटेनर गोठलेला, शेजारी कोअर मोकळे असले तरी. आणि हे थोड्या थोड्या वेळाने घडलं की मिनिटाची सरासरी एकदम निरोगी दिसते. आमची जावा जुनी होती. आठव्या आवृत्तीच्या १९१ अपडेटच्या आधीची जेव्हीएम (जावा चालवणारं यंत्र) कंटेनरची मर्यादा बघायचीच नाही, मशीनचे सोळा कोअर मोजून त्या हिशेबाने थ्रेड काढायची. सीग्रुपच्या सीपीयू स्टॅट फाइलमध्ये एनआर थ्रॉटल्ड (कंटेनर असा किती वेळा गोठवला) हा आकडा सगळं सांगत होता, आम्ही ती फाइल उघडलीच नव्हती. थ्रेड दोनवर आणले आणि ते शंभर मिलिसेकंद गेले. मर्यादा वाढवूनही गेले असते, पण त्याचे पैसे पडले असते.

बॅकअप डिस्क अडवतोय हे एक दुखणं आणि हे थ्रॉटलिंग दुसरं. दोन्ही एकाच रात्री असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आज रात्री बॅकअपच्या आधी दहा मिनिटं आणि सुरू झाल्यावर दहा मिनिटं एवढंच नोंदवून ठेवा: व्हीएमस्टॅट दर सेकंदाला, तिन्ही प्रेशर फाइली, 'डी'मध्ये अडकलेल्यांची नावं, आणि एनआर थ्रॉटल्ड दोन्ही वेळी किती. जमल्यास जावाच्या थ्रेडांच्या प्रॉकमधल्या स्टेटस फाइलींतले कॉन्टेक्स्ट स्विचचे (सीपीयू एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जाण्याचे) दोन आकडेही घ्या. एकात थ्रेड आपणहून किती वेळा झोपला ते असतं, दुसऱ्यात त्याला सीपीयूवरून किती वेळा हुसकावलं ते. पहिला भराभर वाढत असेल तर तो कशाची तरी वाट बघतोय, दुसरा वाढत असेल तर सीपीयूवरून खरोखर भांडण आहे. तोवर नाइस १९ असू दे, त्याने बिघडत काही नाही.